उलटा नंबर: उजवीकडून लिहायचं, डावीकडून लिहायचं आणि कानानं वाचायचं

आजचा भाग माझ्याच एका चुकीपासून सुरू होतो. ती चूक कुठून आली हे शोधता शोधता मी जवळजवळ दोन हजार वर्षं मागे गेले, त्यामुळे भाग जरा लांबलाय. बसमध्ये असाल तर आधी सीट पकडा.

मी मालेगावची, कॅम्पात वाढलेली. मोसम नदी गावाच्या मधून जाते आणि पुलावर उभं राहिलं की गावाच्या दोन लिप्या एकदम दिसतात. एका बाजूच्या पाट्या बहुतेक मराठीत, दुसऱ्या बाजूला, म्हणजे जिकडे यंत्रमागांचा खडखडाट चालतो तिकडे, उर्दूत. पुलाच्या आसपासची दुकानं दोन्ही लिहितात. मराठी ओळ डावीकडून सुरू होते, तिच्याखालची उर्दू ओळ उजवीकडून. लहानपणी मला वाटायचं, पेंटर दोन असतील, एक डावखुरा.

बीटेक करून नोकरीला लागल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी मी छोटी वेबसाइट करून दिली. वेळा, पत्ता, फोन नंबर, बस. मराठी पान एक, उर्दू पान एक. मला उर्दू बोललेलं कळतं, वाचता येत नाही. मजकूर ओळखीच्या एका ताईंनी टाइप करून दिला, मी तो पानावर टाकला. सगळं छान दिसत होतं, नंबर सोडून.

नंबर समजा ०२५५४-१२३४५६ असा आहे. (०२५५४ हा मालेगावचा एसटीडी कोड, पुढचे आकडे मी आत्ता बनवलेत, लावू नका.) उर्दू वाक्यात तो टाकला की पडद्यावर १२३४५६-०२५५४ असा दिसायचा. एकेक आकडा सरळ, पण दोन तुकड्यांची अदलाबदल झालेली. मी पुन्हा टाइप केला, पुन्हा तेच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मग मी कुठलाही थकलेला इंजिनिअर करेल तेच केलं: नंबर मुद्दाम उलटा टाइप केला, आधी १२३४५६, मग ०२५५४. पडद्यावर तो बरोबर दिसायला लागला. लाइटहाउसनं अ‍ॅक्सेसिबिलिटीला १०० पैकी १०० दिले. मी लॅपटॉप मिटला.

दोनेक आठवड्यांनी फोन आला. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय आणि फोन ते टॉकबॅक लावून वापरतात, म्हणजे बोट ठेवू तिथलं फोन वाचून दाखवतो. दवाखान्यातूनच त्यांना माझा नंबर मिळाला होता. म्हणाले, "बेटा, आपकी वेबसाइट नंबर उल्टा बोलती है. चार दिन से लगा रहा हूँ."

मी पान उघडून बघितलं. नंबर बरोबर होता. निदान मला बरोबर दिसत होता.

चार दिवस एक माणूस डोळ्याच्या थेंबांबद्दल विचारायला फोन लावत होता आणि तो लागत नव्हता, कारण मी नंबर डोळ्यांसाठी दुरुस्त केला होता. फोन पान बघत नाही. तो अक्षरं ज्या क्रमानं साठवलीत त्या क्रमानं वाचतो. मी साठवताना उलटी साठवली होती, त्यानं प्रामाणिकपणे उलटी वाचली.

इथं एक गोष्ट पक्की करून घेऊ, पुढे ती सारखी लागेल. डोळ्याला उजवं-डावं असतं. कानाला नसतं. कानाला फक्त आधी आणि नंतर असतं. लिपीची दिशा ही डोळ्याची भानगड आहे, मजकुराचा क्रम ही कानाची. दोन्ही एकच समजले की माझ्यासारखी चूक होते.

मला आधी वाटायचं हा गोंधळ कॉम्प्युटरनं आणला. मग कळलं की आपल्याच जिल्ह्यात तो फार जुना आहे.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात: सातवाहन जिंकले, नहपान हरला. पण नहपानाच्या नाण्यावर लिहिलंय काय? एकाच राजाचं नाव ब्राह्मीत आहे आणि खरोष्ठीतही आहे, शिवाय कडेला ग्रीक अक्षरं. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे जाते, आपल्या देवनागरीची ती पणजी. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे, ती अरामी लिपीवरून आली आणि वायव्य भारतात चालायची. अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा इथले शिलालेख खरोष्ठीत आहेत, तर आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेला तुकडा ब्राह्मीत. म्हणजे उजवी आणि डावी लिपी एकत्र असलेला मजकूर या मुलुखात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर मावला होता. त्याची डोकेदुखी ठसा कोरणाऱ्या सोनारानं सोसली असणार, आणि त्यालाही ठसा आरशासारखा उलटाच कोरावा लागत होता.

अशोकाचाच एक मजेशीर लेख आंध्रात येर्रागुडीला आहे. त्यातल्या काही ओळी डावीकडून, काही उजवीकडून, शेतात नांगर फिरवल्यासारख्या. ब्राह्मीत असं सहसा होत नाही. लिहिणाऱ्याला उजवीकडून लिहायची सवय होती का, यावर विद्वान बोलतात. मला तो बिचारा माझ्यासारखा वाटतो, रात्री साडेअकराला काम उरकणारा.

मधली बरीच शतकं मी उडवते. आदिलशाहीच्या काळातले काही कागद असे आहेत की एकाच कागदावर फारसी मजकूरही आहे आणि मोडीतली मराठीही. फारसी जाणणारा अंमलदार आपली ओळ उजवीकडून वाचायचा, गावचा कुलकर्णी आपली डावीकडून. मालेगावात उर्दू रुजली ती मुख्यतः १८५७ नंतरच्या दशकांत, उत्तरेतली विणकर कुटुंबं इथं येऊन वसली तेव्हा. हातमाग आला, पुढे यंत्रमाग आला आणि त्यांच्याबरोबर शाळा, मुशायरे, उर्दू छापखाने.

उर्दू छपाईची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आजचा घोळ तिथूनही येतो.

मराठीला खिळे लवकर मिळाले. उर्दूला नको होते. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालिक लिपी लागते, तिरपी, उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली घसरत जाणारी. तिची अक्षरं शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतात आणि एकमेकांच्या अंगावर बसतात. शिशाचे चौकोनी खिळे एका रेषेत उभे राहतात, त्यांना ही घसरण जमेना. म्हणून विसाव्या शतकात बाकीचं जग खिळ्यांवर छापत असताना उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहायचे. रोज अख्खा पेपर हातानं लिहायचा आणि मग छापायचा. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' वर्तमानपत्रानं कॉम्प्युटरवर जुळवलेली नस्तालिक वापरली. ती होती नूरी नस्तालिक, मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर केलेली. त्यांनी अक्षरं सुटी ठेवलीच नाहीत, हजारो जोडतुकडे हातानं रेखाटून घेतले. मग १९९४ मध्ये इनपेज आलं आणि उर्दू डीटीपी भारतातल्या गल्लीबोळात पोहोचलं. लग्नपत्रिका, मदरशाची पावती, शायराचं पुस्तक, सगळं इनपेजमध्ये.

पण सुरुवातीच्या इनपेजची फाइल त्याची त्यालाच कळायची. त्यातला मजकूर उचलून वेबवर टाकता येत नव्हता. मग लोकांनी सोपा उपाय काढला: पानाचं चित्र करा, चित्र टाका. कित्येक वर्षं इंटरनेटवरची बरीच उर्दू ही उर्दूचे फोटो होती. डोळ्यांना झकास. स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर नाही.

आता मराठीवाल्यांनी हसायचं कारण नाही. आपली बाजू वेगळी नव्हती, फक्त आपली दिशेची अडचण अक्षराच्या पोटात लपलेली आहे.

'कि' लिहून बघा. तोंडातून आधी क येतो, मग इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी क च्या डावीकडे बसते. म्हणजे बोलण्यात नंतरचं ते दिसण्यात आधी. मराठीतला प्रत्येक 'कि', 'मि', 'हि' हा छोटासा उजवा-डावा पेच आहे. 'अर्थ' मधला रफारही तसाच: र आधी उच्चारतो, दिसतो थ च्या डोक्यावर. रेमिंग्टन पद्धतीच्या टाइपरायटरवर वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण गाडा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि यंत्राला उच्चार माहीत नसतो. जुने संगणकी फॉन्ट हीच सवय घेऊन आले. कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही 'मराठी' टाइप केलंत तर कॉम्प्युटरच्या पोटात जातात इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. स्क्रीन रीडर कपडे बघत नाही, तो वाचतो ई-जे-के-बी-एच. सरकारी परिपत्रकं अशा फॉन्टमध्ये निघायची तेव्हा अंध कर्मचाऱ्याला स्वतःच्या खात्याचा आदेश असा ऐकू यायचा.

यातून बाहेर काढलं ते इस्कीनं. भारतीय लिप्यांसाठीचं हे मानक, १९८८ चं आणि मग १९९१ चं. त्यात ठरलं की वेलांटी साठवायची उच्चाराच्या क्रमानं, अक्षरानंतर. डावीकडे दाखवायचं काम पडद्याचं. युनिकोडनं देवनागरी घेतली ती इस्कीवरूनच, म्हणून आज तुम्ही फोनवर 'कि' टाइप करता तेव्हा आधी क दाबता, मग वेलांटी, आणि ती टुणकन उडी मारून डावीकडे जाते. ती उडी म्हणजे साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं हे कुणीतरी ठरवल्याची खूण. (थाई लिपीत मात्र उलटा निर्णय झाला. तिथं डावीकडे दिसणारे स्वर आधीच साठवतात, कारण थाई टाइपरायटरची सवय मोडायची नव्हती.)

उजवीकडच्या लिप्यांनाही हाच प्रश्न होता, मोठ्या आकारात. १९८४ मध्ये झेरॉक्सच्या जो बेकर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये बहुभाषिक टायपिंगवर लेख लिहिला. पुढे युनिकोड उभं करणाऱ्यांतले हे एक. कल्पना अशी: मजकूर साठवायचा तो लिहिण्या-बोलण्याच्या क्रमानं, आणि दाखवताना एका नियमावलीनं तो उजवा-डावा मांडायचा. १९९१ मध्ये युनिकोड आलं तेव्हा ती नियमावली बरोबर होती. तिला बायडायरेक्शनल अल्गोरिदम म्हणतात, आम्ही नुसतं बायडी.

पण वेबनं सुरुवातीला ऐकलं नाही. १९९० च्या दशकात हिब्रू वेबपानं 'दिसण्याच्या क्रमानं' साठवलेली असायची. ब्राउझरला फक्त डावीकडून ओळ टाकता यायची, म्हणून लोक वाक्य उलटं टाइप करायचे, शेवटचं अक्षर आधी. डोळ्यांना सरळ दिसायचं. खिडकी अरुंद केली की वाक्याची सुरुवात खालच्या ओळीत जाऊन पडायची. कानानं ऐकलं तर उलट्या अक्षरांचा चिवडा. म्हणजे मी साडेअकराला जे केलं ते एका अख्ख्या देशानं आधीच करून पाहिलं होतं. १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० आलं आणि 'डिर' हा गुणधर्म मिळाला: या तुकड्याची दिशा अमुक, असं पानाला सांगता यायला लागलं.

मग माझा नंबर का उलटला? हा भाग मला सगळ्यात आवडतो.

उर्दू वाक्य उजवीकडून जातं, पण त्यातली संख्या डावीकडून. २०२५ मधला मोठा दोन उर्दूतही डावीकडेच असतो. हातानं लिहिणारा माणूस संख्या आली की अंदाजानं जागा सोडून डावीकडे जातो, तिथून उजवीकडे आकडे लिहितो आणि परत डावीकडची वाट धरतो. आणि ही अंकपद्धत मुळात इथूनच गेलेली. म्हणजे निव्वळ उर्दूतही, एकही परका शब्द नसताना, दोन दिशा असतातच.

बायडी प्रत्येक चिन्हाला एक स्वभाव देतो. उर्दू अक्षर पक्कं उजवीकडचं, मराठी किंवा इंग्रजी अक्षर पक्कं डावीकडचं. इंग्रजी आकडा कच्चा: स्वतःच्या आत डावीकडून उजवीकडे, पण आजूबाजूला कोण आहे ते बघून वागणारा. मधली आडवी रेघ त्याहून कच्ची. उर्दू अक्षरानंतर ०२५५४ आला, मग रेघ, मग १२३४५६. नियम म्हणतो: उर्दू अक्षरामागून आलेल्या दोन संख्यांमधली रेघ वाक्याच्या दिशेनं जाईल. रेघ उजवीकडची झाली की तिच्यानंतरची संख्या तिच्या डावीकडे बसते. झाली अदलाबदल. तारीख १५-०४-२०२५ अशी लिहिली तर पडद्यावर २०२५-०४-१५ होते. तीच तिरप्या रेघेनं लिहिली, १५/०४/२०२५, तर जागची हलत नाही, कारण तिरप्या रेघेचा स्वभाव वेगळा नोंदलाय. हे कळल्यावर मी एक पूर्ण संध्याकाळ नुसते आकडे टाइप करत बसले होते.

आणि यातली खास आपली गंमत. देवनागरी आकड्यांना युनिकोडनं कच्चा स्वभाव दिलाच नाही. मराठी १, २, ३ हे मराठी अक्षरांसारखेच पक्के डावीकडचे. उर्दू वाक्यात नंबर मराठी आकड्यांत टाकला तर तुकडे उलटत नाहीत! या लेखात तुम्हाला दिसणारे आकडे देवनागरी आहेत म्हणून लक्षात ठेवा, उलटतात ते इंग्रजी आकडे. उर्दू वाचणाऱ्याला मराठी आकडे देणं हा काही उपाय नाही, पण मालेगावची म्हणून मला त्याचा उगाचच अभिमान वाटला.

खरा उपाय छोटा आहे. नंबर सरळ क्रमानं टाइप करायचा, त्याला वेगळ्या टॅगमध्ये ठेवायचं आणि त्या टॅगला सांगायचं की तुझी दिशा डावीकडून उजवीकडे, बाहेरच्याशी तुझा संबंध नाही. अशी वेगळी खोली देणारी चिन्हं युनिकोडमध्ये २०१३ मध्ये आली, आणि एचटीएमएल ५ बरोबर 'बीडीआय' नावाचा टॅग. म्हणजे मी ते पान केलं तेव्हा औषध बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती. मला ठाऊक नव्हतं, कारण चार वर्षांच्या बीटेकमध्ये उजवीकडून लिहिणाऱ्या लिपीवर एक तासही झाला नव्हता. हे मी मालेगावजवळ राहून सांगतेय.

वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, ही गोष्ट आहे. २००८ च्या आवृत्तीत 'अर्थपूर्ण क्रम' असा निकष आहे, तोही पहिल्याच, अगदी किमान पातळीवर. क्रमामुळे अर्थ बदलत असेल तर तो क्रम यंत्राला कळला पाहिजे. दिशेच्या टॅगचं तंत्र त्याखालीच दिलंय. मग लाइटहाउसनं १०० गुण कसे दिले? कारण असली साधनं टॅग आहे का, भाषेचं नाव वैध आहे का, चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे तपासतात. ०२५५४ आधी यायला हवा हे त्यांना कोण सांगणार? ते सांगायला मालेगावचा माणूस लागतो.

२०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवलं की याच दिशा बदलणाऱ्या अदृश्य चिन्हांनी प्रोग्रॅमच्या कोडमध्ये घात करता येतो. तपासणाऱ्या माणसाला एक ओळ दिसते, कंपायलर वेगळीच वाचतो. 'ट्रोजन सोर्स' म्हणतात त्याला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी घाईनं इशारे लावले. कंपायलरलाही डोळे नाहीत, तो सरांसारखाच क्रमानं वाचतो. पण कोड तपासणाऱ्या डोळस माणसाची फसगत होऊ शकते हे कळलं तेव्हा जग हललं. असो.

सरांकडे मी पुढे एकदा गेले. त्यांनी ब्रेल पाटी दाखवली. नजर गेल्यावर शिकायला घेतलीय, हात अजून बसलेला नाही म्हणाले. उर्दू ब्रेल कुठून वाचायची, असं मी विचारलं. मला खात्री होती, उजवीकडून. नाही. उर्दू ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात, मराठी ब्रेलसारखीच. अरबी आणि हिब्रूचीही तशीच. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, तिच्यात आपली पहिली वेलांटीही अक्षरानंतर येते, उच्चाराच्या क्रमानं. बोटाखाली 'कि' सरळ क-इ असा लागतो. आणि पाटीवर सुईनं टोचून लिहिताना मात्र उजवीकडून डावीकडे जायचं, कारण कागद उलटवून वाचायचा असतो. सर हसत म्हणाले, "लिखो उर्दू की तरफ़ से, पढ़ो मराठी की तरफ़ से." पुलावरच्या पाट्या बघत मोठी झाले, आणि ही गोष्ट मला दिसत नसलेल्या माणसाकडून कळली.

कायद्याचं थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा या गोष्टीशी संबंध आहे. १५ तारखेचा पातूरचा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, ते काढा म्हणून प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. न्यायालयानं सांगितलं, मराठीबरोबर उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे. ३० तारखेचा निकाल डिजिटल केवायसीचा: अंध आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लोकांना डोळे मिचकावून ओळख पटवा म्हणणाऱ्या पद्धती बदला, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयानं सरकारला सांगितलं होतं की सुगम्यतेचे नियम नुसत्या सूचना नकोत, बंधनकारक हवेत. एक निकाल म्हणतो उर्दू लिहू द्या, दुसरा म्हणतो अंधांना वाचू द्या. उर्दू वाचणारा अंध माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत उभा असतो, आणि ती फट बहुतेक वेळा माझ्यासारख्या कुणाच्या तरी कोडमध्ये असते.

आता मी कशी तपासते ते सांगते. पडद्याचा प्रकाश पूर्ण कमी करते, टॉकबॅक चालू करते आणि पान पहिल्यापासून ऐकते. नंबर ऐकून कागदावर उतरवते आणि तो लावून बघते. नंबर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकते, म्हणजे खरा क्रम कळतो. डावी-उजवी मांडणी नुसत्या सीएसएसनं उलटवलेली असेल तर टॅब दाबत जाते, कारण बटणं दिसतात उजवीकडून आणि फोकस फिरतो भलतीकडूनच, असं खूपदा होतं. उर्दू मला वाचता येत नाही म्हणून उर्दू पान सर ऐकतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी एक सापडवून दिलं. मराठी पानाच्या वर 'उर्दू' असं उर्दू अक्षरांत लिहिलेलं बटण होतं. पानाची भाषा मराठी नोंदलेली, म्हणून मराठी आवाज ते वाचायला जायचा आणि त्याला ती अक्षरं येत नसल्यानं गप्प राहायचा. उर्दू पानाचं दार मुकं होतं. बटणाच्या टॅगला भाषा उर्दू आहे एवढं सांगितलं, बोलायला लागलं. एका शब्दाचा बदल.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. दवाखान्याच्या सुट्टीची सूचना उर्दूत येते ती शेजारच्या डीटीपीवाल्याकडून, इनपेजमध्ये सुंदर नस्तालिकात बांधलेली, आणि माझ्याकडे पोहोचते व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून. ते चित्र मला वाचता येत नाही, सरांच्या फोनलाही नाही. सरांच्या गल्लीतली दहावीची एक मुलगी ते बघून टाइप करून पाठवते. मी ते पानावर टाकते, सर ऐकतात आणि मग सांगतात की सोमवार बंद आहे. मागच्या महिन्यात तिची परीक्षा होती, तेव्हा दोन सूचना नुसतं चित्र म्हणूनच राहिल्या. सरांनी त्या दोन्ही वेळा दवाखान्यात फोन करून विचारलं. नंबर लागला.